लाथेआधीचे तीन दिवस

पायाळूमावशी माणसाला लाथ मारायची आणि माणूस उठून तिला नमस्कार करायचा! अकोल्याच्या जठारपेठेत हे रोजचंच होतं. आईच्या पोटातून पायांकडून जन्मतो तो पायाळू, आणि पायाळू माणसानं कमरेवर पाय मारला की उसण पळते, हे वऱ्हाडात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. भले भले वकील, मिशीला पीळ देणारे पाटील, कापसाच्या जिनातले हमाल, सगळे तिच्या ओसरीवर पालथे पडलेले मी या डोळ्यांनी पाहिले आहेत. मीही पडलोय. अगदी कुईकुई करत पडलोय!

मावशी जातीची माळीण. सकाळी बाजारात वांगी-मेथी विकायची आणि दुपारी टोपली उपडी घालून ओसरीवर पोतं अंथरायची. बांधा बुटका, कपाळावर मोठं गोंदण, आवाज असा की पलीकडच्या गल्लीतला माणूस दचकावा. पण त्या बोटांकडे पाहा! मेथीची जुडी बांधताना एक पान मोडायचं नाही, आणि तीच बोटं पाठीत शिरली की पहिलवानाच्या तोंडून 'माय वं' निघायचं.

माझी तिची गाठ पडली ती माझ्याच शहाणपणामुळे. मी अमरावतीचा, बावीस वर्षांचा, हुतूतू म्हटलं की जेवण विसरणारा. अकोल्याच्या एका शाळेत ड्रिल मास्तरची जागा निघाली होती. हेडमास्तर कडक गृहस्थ. मला म्हणाले, "रविवारी तुमचा अमरावतीचा संघ इथं खेळायला येतोय ना? मैदानावर पाहतो तुम्हाला, मग ठरवू." झालं! मी आनंदानं उड्या मारत जठारपेठेत आत्याकडे आलो आणि अंगातली ताकद दाखवायला तिचं ज्वारीचं पोतं एकट्यानं उचललं. कमरेत कडाड्कन चमक निघाली आणि मी तिथेच काटकोनात उभा राहिलो. तो दिवस गुरुवारचा. नोकरी गेली, हे एवढंच मला दिसत होतं.

आत्यानं तशाच वाकलेल्या मला मावशीच्या ओसरीवर नेलं.

"मावशी, पटकन लाथ मारा, मला रविवारी खेळायचं आहे," मी जमिनीकडे पाहत म्हणालो.

"रविवारी? मंग रविवारीच मारीन," मावशी म्हणाली. "अंग मऊ केल्याबिगर लाथ लागत नाई. तीन रोज येजो. कोंबडा झाला लेका तुहा!"

मला असा संताप आला! अहो, एक लाथ मारायला तीन दिवस? पण काटकोनात उभ्या माणसाचा संताप कोण मनावर घेतो?

पहिल्या दिवशी तिनं नुसतं चोपडलं. लसूण-ओवा घालून कढवलेलं तिळाचं कोमट तेल आणि तिचे सपाट तळवे, कमरेपासून खांद्याकडे संथ, अलगद. आत्या उंबऱ्यात लसूण सोलत बसलेली. मी वैतागून म्हणालो, "मावशी, जरा जोर लावा की!" "कोणाच्या घरात लाथ मारून शिरते का तू? आंधी कडी वाजवाची," ती म्हणाली. "दुखलेलं अंग भेलेलं रायते. त्याले सांगा लागते का, बाप्पा, मी माराले नाई आली." अर्ध्या तासात पाठ ऊनऊन झाली आणि मी ओसरीवरच घोरायला लागलो. आत्या ते वर्षभर सांगत होती.

दुसऱ्या दिवशी रगडणं. कणीक तिंबावी तशी तिनं माझी पाठ, कुल्ले, मांड्या सगळं तिंबून काढलं. दुखत होती कंबर, आणि ही माझ्या पोटऱ्या पिळतेय! विचारलं तर म्हणाली, "कंबर रडून राहिली, पण चिमटा कोनं घेतला ते पाहा लागते नं." पाय चोळताना हात नेहमी तळव्याकडून वर, काळजाच्या दिशेनं. "रगत थकून पायात बसते, त्याले हाताले धरून घरी न्याचं." आखाड्यात आम्ही वर्षानुवर्षं तेल रगडत होतो, पण मालिशला दिशा असते हे मला कुणीही सांगितलं नव्हतं!

तेवढ्यात दारात दमणी थांबली. अचलपूरचे एक कापडवाले भाई उतरले. हात कोपरापासून भोपळ्यासारखा सुजलेला. "मावशी, बस एक लात मार दो," असं अक्षरशः विनवायला लागले. मावशीनं हाताला बोटही लावलं नाही, नुसतं वाकून पाहिलं. "भाईजान, सूज गरम है, हड्डी गई है. सीधा सरकारी दवाखाना जाओ." भाई रागावले, इतक्या लांबून आलो म्हणाले. मग मावशीनं जो आवाज लावला! दमणीचे बैलसुद्धा आपोआप वळले. पुढे प्लास्टर निघाल्यावर तेच भाई शेंदूरजन्याच्या संत्र्यांची करंडी घेऊन आले आणि आखडलेला हात महिनाभर तिच्याकडून चोळून घेत राहिले. गरम सुजेला हात लावायचा नाही, हा तिचा नियम तिनं कुणासाठीही मोडला नाही.

तिसऱ्या दिवशी अंगठा. तेलाचा हात फिरवताफिरवता ती एका जागी थांबली. "हे पाह्य, हे बोंड सापडलं!" कणकेत खडा लागावा तशी गाठ. त्यावर अंगठा ठेवून ती नुसती दाबून राहिली. "श्वास सोड. कावून कोंडून राहिला? सोड!" मी श्वास सोडला आणि खरं सांगतो, ती गाठ आतल्या आत विरघळली. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. मग ओंजळीच्या पोकळ थापट्या पाठीवर, कण्याला वगळून, टपटप टपटप. "आता झोपलेल्याले उठवाचं." उठलो तो सरळ उठलो! मी आत्याला उचलायला धावलो तर मावशी ओरडली, "गधड्या, ठेव तिले खाली!"

रविवारी दुपारी मी उड्या मारतच ओसरीवर गेलो आणि पालथा पडलो. "मावशी, लाथ!"

"दुखते का?"

"बिलकूल नाही!"

"मंग लाथ कायले?"

"अहो, लाथेशिवाय मैदानात कसा उतरू? मध्येच चमक भरली तर? नोकरीचा प्रश्न आहे माझ्या!"

मावशी माझ्याशेजारी पोत्यावर बसली, दाराकडे पाहिलं आणि हळू बोलली. तिला हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

"मी पायाळू नाई, बापू."

मी पालथाच होतो, तसाच राहिलो.

"माही माय सुईण. मी डोक्याकडून आली का पायाकडून, ते तिच्यापेक्षा कोणाले ठाऊक? हात तिनंच शिकवला. आंधी बाळंतिणीवर, मंग बैलाच्या खांद्यावर. बैल खोटं बोलत नाई, दुखलं तं लाथ मारते. पण बाईमाणसानं बाप्याच्या पाठीले हात लावला तं गावात बोभाटा. मंग सासूनं उठवून देल्लं, माही सून पायाळू हाय. हात लावला तं बदनामी, लाथ मारली तं दवाई! म्या म्हनलं, लाथ त लाथ. लाथीआंधी तीन रोज माहे."

"मग मला का सांगता?" मी मान वळवून विचारलं.

"कावून का तू मास्तर होशीन. पोट्ट्यायचे पाय मुरगयतीन, पोटऱ्यात गोये येतीन. त्यायले काय लाथा मारशीन? हात शिक माह्याकून. पन माह्या जित्तेपनी कोणाले सांगजो नको, नाईतं हे ओसरी बंद होईन."

लाथ न खाताच मी मैदानात उतरलो. काय तो सामना, महाराजा! सगळं अकोला लोटलं होतं. डाव बरोबरीत, शेवटची चढाई माझी. दोघांनी कमरेला मिठी घातली आणि त्याच कमरेवर दोन गडी लोंबकळत असताना मी दम न सोडता अंग लांबवलं, मधल्या रेषेला बोट लावलं! गर्दीतून एकच आवाज वर चढला, "पाह्य, माह्या हाताखालची कंबर पाह्य!" शेजारच्या बाया ओरडल्या, "मावशे, तू अकोल्याची का अमरावतीची?" हेडमास्तरांनी फक्त एवढंच म्हटलं, "सोमवारी साडेदहाला या."

मी गेलो, आणि त्या शाळेत जन्म काढला. पहिली दोन वर्षं रोज शाळा सुटल्यावर मावशीच्या ओसरीवर बसून शिकलो. कुठे चोपडायचं, कुठे रगडायचं, कुठे हात मागे घ्यायचा. माझा जोर जास्त झाला की ती माझ्या मनगटावर मेथीची जुडी हाणायची. माझ्या शाळेतला एकही पोरगा मुरगळलेल्या पायानं तसाच लंगडत घरी गेला नाही. लोक विचारायचे, मास्तर, हा हात कुठला? मी म्हणायचो, एका पायाळूबाईचा. लोक हसायचे.

मावशी गेली तेव्हा अर्धं अकोला आलं. आयुष्यात जिच्या लाथा खाल्ल्या, तिच्या पायांवर डोकं ठेवायला ही रांग. वकील आले, हमाल आले, अचलपूरचे भाईही आले. त्यांनी पायांना हार घातला. "ह्याच पायांनी उभं केलं हो आम्हाला," असं म्हणून एक पाटील ढसाढसा रडले. मला तिथेच ओरडून सांगावंसं वाटलं, पण तिला ओसरीवरून उचलेपर्यंत ओसरी तिचीच होती आणि शब्द मी दिलेला होता.

रांग सरकत माझी पाळी आली. मी पायांशी वाकलो नाही. बाजूनं पुढे गेलो, तिचे दोन्ही हात माझ्या हातांत घेतले आणि डोळ्यांना लावले. मागचा माणूस कुजबुजला, "मास्तर चुकले, पाय तिकडे हाय."

मी ते हात सोडले नाहीत. त्या तळव्यांना अजून तिळाच्या तेलाचा वास होता.