सोडताना काय होतं?

आमची ही ब्रेकवाली आहे. ही म्हणजे माझी बायको. आता मी हे छातीठोकपणे सांगतो, पण त्यात माझं कर्तृत्व शून्य. बत्तीस वर्षं मी प्रवासी बस चालवली, आणि त्या जोरावर घरात ब्रेक या विषयावर शेवटचा शब्द माझाच, अशी माझी समजूत होती. ही ऐकून घ्यायची. तिचं ऐकून घेणं म्हणजे मान्य करणं नव्हे, हे कळायला मला जरा वेळ लागला.

ब्रेकचे घासलेले पॅड बदलून देणाऱ्या एका दुकानात ती कामाला लागली. चाकाबरोबर लोखंडी चकती फिरते ती डिस्क, आणि तिला दोन्ही बाजूंनी दाबून थांबवतात ते पॅड. काढून टाकलेले जुने पॅड ही पिशवीत घालून घरी आणायची. "लोकांच्या बायका भाजी आणतात," मी म्हणायचो. पुढे शर्यतीच्या ट्रॅकवरची पोरं तिला शोधत यायला लागली. मग घरात पत्र्याचे डबे वाढले. प्रत्येक डब्यात एका जातीचे पॅड आणि एक चिठ्ठी: गाडीचं वजन, टायर, आणि चालवणारा काय म्हणाला ते. पॅडमध्ये तांबं किती आणि कर्ब किती ते बनवणारे जाणोत, हिचे प्रश्न तीनच. चावतो कसा? धरतो कुठवर? सोडतो कसा? पहिल्या दोहोंची उत्तरं लोक भरभरून देतात. तिसऱ्याला बहुतेक जण म्हणतात, "म्हणजे काय?"

मीही म्हटलं होतं. "पाय काढला की सुटतो. त्यात विचारायचं काय?"

"तुमच्या बसला ठीक आहे," ही म्हणाली. झालं! पुढचे दोन दिवस मी तिच्याशी फक्त चहापुरतं बोललो.

आमची लेक शर्यतीत गाडी चालवते. हात माझे आणि डोकं आईचं, असं मी म्हणतो. त्या दोघी हसतात. दोन वर्षांपूर्वी एका लहान संघात एक जागा निघाली आणि चाचणीला दोघांना बोलावलं, आमच्या लेकीला आणि दुसऱ्या एका चालकाला. जागा मिळाली तर हंगामभर गाडी संघाची. नाही मिळाली तर पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार, म्हणजे सगळं तिथंच संपणार. फॉर्म मी भरला, कारण घरात अक्षर माझं बरं. 'आईचा व्यवसाय' या रकान्यात मी 'गृहिणी' लिहिलं. लेक शाळेत गेली तेव्हापासून तेच लिहीत आलो होतो, हात आपोआप चालला. हिने फॉर्म वाचला, घडी घातली आणि पाकिटात ठेवला.

चाचणी दोन दिवसांची होती. पहिला दिवस सरावाचा, दोघांना एकसारख्या दोन गाड्या. लेक दीड सेकंदाने मागे पडली. लांब सरळ रस्ता संपून डावं वळण लागायचं, तिथं ती फार लवकर ब्रेक मारायची. दोनदा उशिरा मारून पाहिला, दोन्ही वेळा गाडीची मागची बाजू फिरून गवतात गेली.

संघाचे मालक म्हणाले, "पोरीची छाती होत नाही. आणखी कडक पॅड टाका, मग येईल विश्वास." आणि त्यांच्याकडचा सगळ्यात चावरा पॅड त्यांनी टेबलावर ठेवला. खरं सांगतो, मलाही पटलं. गाडी थांबवायची भीती वाटते तर जोरात थांबवणारा पॅड घाला, यात न पटण्यासारखं काय आहे?

ही चाकापाशी गुडघ्यांवर बसली होती. डिस्कच्या कडेला तिने सकाळी तीन रंगांचे ठिपके दिले होते, ठरावीक उष्णतेला फिके पडणारे. हिरवा फिका पडला होता, नारिंगी नुकता पडत होता, लाल जसाच्या तसा. "पॅड तापून हरलेला नाही," ती म्हणाली. "त्याला हवी तेवढीच उष्णता मिळतेय." मग लेकीकडे वळून विचारलं, "सोडताना काय होतं?"

लेकीचे डोळे भरलेले होते. "आई, मी पाय हलका करते, पण गाडी हलकी होतच नाही. ब्रेक धरूनच बसतो. वळायला घेतलं की एकदम सोडतो आणि मागची बाजू जाते."

"मग तू काय करतेस?"

"वळायच्या आधीच सगळं उरकून घेते."

"म्हणजे घाबरत नाहीस. सांभाळून घेतेस." ही उठली, आमच्या गाडीच्या डिकीतून एक डबा घेऊन आली.

तिने निवडलेला पॅड चावायला मवाळ होता, पण पाय जेवढा उचलाल तेवढाच सुटणारा. मालक म्हणाले, "हा तर एक पायरी खालचा!"

"गाडी हलकी, टायर अरुंद," ही म्हणाली. "एवढा चावरा पॅड तिला पेलत नाही, साहेब. अति तेथे माती."

"मुलगी तुमची, जबाबदारी तुमची. उद्या दहा फेऱ्या. अकरावी मिळणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मेकॅनिकने हिचे पॅड कालच्याच डिस्कवर चढवून ठेवले होते. हिने ते सगळं उतरवायला लावलं. कालच्या पॅडची साय त्या डिस्कवर धरलेली, तिच्यावर नवा पॅड बसवला तर तो स्वतःच्या गुणावर येणारच नाही, असं तिचं म्हणणं. चारही डिस्क कोऱ्या घातल्या. कोऱ्या डिस्कवर नवा पॅड मुरवावा लागतो: आधी हळूहळू दाब, मग जास्त, मग ब्रेकला पाय न लावता गाडी थंड करत आणायची. यात पाच फेऱ्या गेल्या.

"अर्धी परीक्षा पेन्सिलीला टोक काढण्यात," मालक म्हणाले. दोघं-तिघं हसले. लेक परत आली, गाडीतून उतरली, आणि मी मदत म्हणून खिडकीतून हात आत घातला. गाडी उभी केली की हँडब्रेक ओढायचा, बत्तीस वर्षांची सवय.

"अहो, हात काढा!"

हिचा एवढा आवाज मी लग्न झाल्यापासून ऐकला नव्हता. सगळं गॅरेज थबकलं. तापलेला पॅड दाबून ठेवला तर डिस्कवर त्याचा डाग उमटतो आणि केलेली सगळी मेहनत पाण्यात जाते, हे मला नंतर कळलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. हिने चाकाखाली लाकडाचा ठोकळा सरकवला आणि मला कुंपणापाशी नेऊन उभं केलं.

उरल्या पाच फेऱ्या. तिथून वळण दिसत नव्हतं, पण इंजिनाचा आवाज मला कळतो, तेवढं तरी मला कुणी शिकवू नये. काल सरळ रस्त्याच्या शेवटी आवाज लवकर पडायचा आणि मग वळण संपेपर्यंत नुसती शांतता. आज सहाव्या फेरीत तो जरा उशिरा पडला. सातवीत आणखी उशिरा. आठवीत आवाज पडला आणि मी श्वास घ्यायच्या आत पुन्हा चढला. मी हिच्याकडे पाहिलं. ती ट्रॅककडे बघत नव्हती, डोळे मिटून ऐकत होती.

नववी फेरी दुसऱ्या चालकाच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा सात दशांश सेकंदांनी कमी निघाली. मालकांनी घड्याळ दोनदा पाहिलं, मग टेबलावरचा आपला चावरा पॅड उचलून हिच्यासमोर ठेवला आणि विचारलं, "बाई, आमच्या दुसऱ्या गाडीला कोणता घालावा?"

"आधी चालवणाऱ्याला बोलवा," ही म्हणाली. मी रडलो नाही, पण नाक पुसावं लागलं.

संघाचा करारफॉर्म तिथंच भरायचा होता. पेन माझ्याच हातात आलं. 'आईचा व्यवसाय' हा रकाना पुन्हा समोर, आणि हात सवयीने 'गृ' काढून थांबला. मी ते खोडलं, वर नीट अक्षरात लिहिलं, 'शर्यतीच्या गाड्यांचे ब्रेक निवडणे', आणि फॉर्म हिच्याकडे दिला.

तिने वाचला. खोडलेलं 'गृ' बोटाने चाचपलं.

"बारा वर्षं झाली मी हे काम करतेय," ती म्हणाली. "तुमचा ब्रेक सुटायला फार वेळ लागतो हो."