खाटेचा तास

तलासरीजवळच्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवायला रुजू झालो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी एका वर्गात खाटेवर बाई विव्हळत पडलेली पाहिली. भोवती नववीची पोरं कोंडाळं करून उभी, आणि एकालाही काही करायचं सुचत नव्हतं. मी हेडमास्तरांना हाक मारायला वळलो, तेवढ्यात बाईंनी एक डोळा उघडला आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, पेशंटला भेटायची वेळ संपलीय. उद्या या." सगळा वर्ग फिदीफिदी हसला. भोये मॅडमची आणि माझी ओळख ती अशी झाली.

शाळेत व्यवसाय शिक्षण म्हणून 'आरोग्यसेवा' हा विषय होता. मुलं त्याला सरळ 'खाटेचा तास' म्हणत. पडून असलेल्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, तो खाली असतानाच चादर कशी बदलायची, भरवायचं कसं, हे सगळं त्या तासाला चाले. अडचण एकच होती. आजारपणाच्या खाटेवर धडधाकट माणसानं आडवं होऊ नये, अशी सगळ्यांची पक्की समजूत. त्यामुळे पेशंट व्हायला कुणी तयार नसे. मास्तर लोकही नसत. मी तर काहीतरी निमित्त काढून दारातूनच परत फिरायचो. शेवटी मॅडम स्वतःच आडव्या व्हायच्या. वर्षानुवर्षं या बाईंनी निम्मं शिकवणं झोपून केलं, आणि त्याबद्दल पगारी झोप म्हणून आम्ही त्यांना चिडवायचो.

पेशंट मात्र एक नंबरचा. कधी त्या अच्छाडच्या नाक्यावर कंबर धरलेला ट्रक ड्रायव्हर होत आणि हिंदीत शिव्या द्यायच्या तेवढ्या बाकी ठेवत. कधी संजाणकडची गुजराती आजी होऊन औषधाचा चमचा तोंडाजवळ आला की मान फिरवत. कधी ठार बहिरा म्हातारा. एकदा विलास नावाच्या दांडगट मुलानं त्यांना असं काही वळवलं की त्या धपकन खाली पडल्या. वर्ग गार. मॅडम फरशीवर बसूनच म्हणाल्या, "पेशंट पडला. आता घरच्यांना काय सांगणार?" विलास चाचरत म्हणाला, "सांगणार, पेशंट स्वतःच पडला." त्यावर मॅडमना इतकं हसू आलं की उठताच येईना. "तुला नोकरी कुठेही मिळेल रे," म्हणाल्या.

हसण्यावारी सगळं नेत, पण एका गोष्टीत माफी नव्हती. न सांगता कुणी हात लावला की त्या ताडकन उठून बसत. "माणूस आहे, भाताची गोण नाही. आधी सांगा, मग हात लावा," हे त्यांचं पालुपद. खांदा धरणार असाल तर सांगा, पांघरूण काढणार असाल तर सांगा, हात गार असतील तर तेही सांगा. मुलं वैतागायची. मला स्वतःला ते जरा फार वाटायचं.

मग वरून येणारा निधी थांबला. मॅडमचं मानधन बंद, विषय बंद. शिक्षकांच्या खोलीत त्या तासांची वाटणी लगेच सुरू झाली. गणिताला दोन हवे होते, इंग्रजीला दोन, आणि खोली परीक्षांच्या जादा वर्गांना. व्याकरणाला एखादा तास मिळतोय म्हणून मी खूश व्हायला हवं होतं, पण खाट हलवणार म्हटल्यावर मला चैन पडेना.

खोलीचं काय करायचं ते ठरवायला मॅडमच्या शेवटच्या तासाला शाळा समितीचे अध्यक्ष आले; हेडमास्तर आणि आम्ही काही शिक्षकही बरोबर होतो. चिकूच्या वाडीचे मालक, दिलखुलास माणूस. सगळे त्यांना काका म्हणत. त्यांनी विचारलं, "बाई, राग मानू नका, पण आपल्या शाळेतून एक तरी नर्स झाली का?"

"नाही झाली, काका," मॅडम म्हणाल्या. "मी नर्स करायला शिकवतच नाही. घरात माणूस पडलं तर काय करायचं, तेवढंच शिकवते. जरा आडवे होता का?"

"मला अजून अवकाश आहे हो," काका हसले. पण मॅडम हसल्या नाहीत, तेव्हा त्यांनी चपला काढल्या आणि आडवे झाले. मॅडम बाजूला सरल्या. दहावीच्या दोघी मुली पुढे आल्या. एक म्हणाली, "काका, आता पाठीखाली हात घालते. गार लागेल हां." दुसरी म्हणाली, "भिंतीकडे वळवतोय. पडणार नाही, मी धरलंय." त्यांनी काकांना वळवलं, खालची चादर काढली, नवी घातली. काका भिंतीकडे तोंड करून पडले होते ते तसेच राहिले. आम्हाला वाटलं, गंमत करतायत.

तसेच भिंतीकडे बघत ते म्हणाले, "आई दोन वर्षं पडून होती आमची. आम्ही भाऊ उचलायचो, ठेवायचो. तिला सांगितलं कधीच नाही." उठून बसले, चपला पायात घातल्या आणि हेडमास्तरांना म्हणाले, "खोली राहू द्या."

खोली राहिली, पैसे काही आले नाहीत. मॅडमनी डहाणूच्या एका दवाखान्यात नोकरी धरली आणि रविवारऐवजी शनिवारची सुट्टी मागून घेतली. शनिवारी शाळा सुटल्यावर त्या तास घेणार होत्या. गुण नाहीत, प्रमाणपत्र नाही. हेडमास्तर मला म्हणाले, "गुणांशिवाय कोण थांबणार हो?" मलाही तसंच वाटत होतं. माझी वाणगावच्या शाळेत बदली झाली होती, तासाचा पहिला शनिवार तोच माझा या शाळेतला शेवटचा.

घंटा झाली. बरीच मुलं घरी पळाली, काही थांबली. मॅडम शिकवायला लागणार, तेवढ्यात नववीतली एक मुलगी आईचा हात धरून दारात आली. आई वाडीवरच्या कामावरून तशीच आलेली, पायांना माती. ती आत येईना. दारातूनच म्हणाली, "मॅडम, मी कवा शालेत गेली नाय. सासू पडून हाय घरी. ही पोरगी असली का ती जेवते, माझ्या हातानं पाणी पण घेत नाय. मना शिकवशील काय?"

 मॅडम पहिल्या बाकावरच्या मुलांना म्हणाल्या, "सरका रे, नवीन मुलगी आलीय."