प्रमिलाबाई मुराळी निघाल्या

कोसाडच्या आवासात, म्हणजे सरकारी घरांच्या वसाहतीत, प्रमिलाबाईंचं घर कुठलं, हे कुणाला विचारावं लागत नाही. जिन्यापाशी उभं राहायचं आणि कान द्यायचा. सकाळी नळाला पाणी आलं की त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू होतो आणि पाणी गेलं तरी तो थांबत नाही. पाणी कमी आलं तर खालच्यांनी चोरलं म्हणून भांडण, भरपूर आलं तर वरच्यांनी टाकी ओसंडू दिली म्हणून भांडण. मधल्या मजल्यावर राहिल्यामुळे दोन्हीकडे हक्काने भांडता येतं, एवढीच काय ती त्या घराची चांगली बाजू.

अमळनेरकडून लग्न होऊन त्या सुरतेत आल्या, त्याला आता उभी हयात लोटली. नवरा लोटूभाऊ पॉवरलूमवर. दिवसभर मागांच्या खडखडाटात उभा राहिलेला माणूस घरी आल्यावर थोडी शांतता मागणारच. ती त्यांना मिळाली नाही, म्हणून तेही भांडायला शिकले. मुलगा योगेंद्र इच्छापोरला ठेकेदाराकडे कामाला. तो आला की ताटावर बसल्या बसल्या तिसरी आघाडी उघडायची. मुलगी रंजना तेवढी गप्प राहायची. ती लग्न होऊन सुरतेच्याच दुसऱ्या टोकाला, सचिनला गेली आणि मागे ठेवून गेली बबली.

बबली म्हणजे रंजनाने रस्त्यावरून उचलून आणलेली तांबडी कुत्री. प्रमिलाबाई साड्यांचे सुटलेले धागे कापत दारात बसतात, तेव्हा ही त्यांच्या पायाशी पडलेली असते. "मरत का नहीस वं एकदानी! मनाच जीवले लागनी शे," असं म्हणत त्या तिच्यापुढे दूध-भाकरी कुस्करतात. बबली शिव्या आणि भाकरी एकदमच गिळते. तिला हुसकून लावा म्हणून शेजाऱ्यांनी दोनदा सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा सांगायची कुणाची छाती झाली नाही.

यंदाच्या चैत्रात या बबलीनेच घात केला.

समोरच्या दारातली मंदा ही प्रमिलाबाईंची एकुलती एक मैत्रीण. माहेरचं गाव शेजारचं, सुरतेत आल्या त्याही मागेपुढेच. दरवर्षी चैत्रात दोघी मिळून गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालतात. ज्वारी भिजवायची, दळायची, मोठ्या पातेल्यात तिचा घाटा शिजवायचा. तो एकटीच्या हाताने हलत नाही. एकीने पातेलं धरायचं, दुसरीने दांडा फिरवायचा. मग ओल्या हाताने साडीवर एकेक बिबडा थापायचा आणि उन्हाला सोडून द्यायचा. एक दिवस मंदाचे, एक दिवस प्रमिलाबाईंचे. यात कधी खंड पडला नव्हता.

मंदाचे बिबडे वाळत होते, तेवढ्यात बबली गच्चीवर चढली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या साडीवरून फिरून आली. वर दोन-तीन बिबडे चाटूनही पाहिले. मंदाने चप्पल फेकून मारली. बबली केकाटली आणि ते केकाटणं ऐकून प्रमिलाबाई वर धावल्या.

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, चुकलं बाई, माझे घे अर्धे. प्रमिलाबाई म्हणाल्या, "मुकं जनावर शे ते! त्याले काय समजस बिबडा कोना शेत? तुले राखता येत नव्हतं का?"

मंदाही खानदेशचीच. तिने पदर खोचला. "मना बिबडा गयात अन् वरतून मीच राखू? तुनी कुत्री, तू बांध!" असं करत करत आवाज चढले, खालच्या बायका वर आल्या आणि शेवटी मंदा ते बोलून बसली. "कुत्रीवर इतला जीव लावस, तितला पोरवर लावता ना, तर पोर आखाजीले घर उनी असती!"

गच्चीवरच्या बायका एकदम गप्प झाल्या. प्रमिलाबाईही झाल्या, हे त्याहून मोठं आश्चर्य. त्या खाली आल्या, दार लावलं आणि मंदाशी बोलणं तोडलं. यंदा प्रमिलाबाईंच्या घरी बिबडे झालेच नाहीत.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. बाकीच्या महाराष्ट्राला त्या दिवशी आमरस आठवतो, खानदेशच्या बाईला माहेर आठवतं. वैशाखाच्या उन्हात सासुरवाशिणी घरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, सासवांची नावं घेऊन मन मोकळं करतात. पण पोर आपली आपण येत नाही. माहेरचा माणूस जाऊन तिला घेऊन येतो. त्याला मुराळी म्हणतात. आणि रंजना लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला आली नव्हती, ती या मुराळीपायीच.

झालं होतं असं, की प्रमिलाबाईंनी तेव्हा नुसता फोन केला. पोरीला बसमध्ये बसवून द्या म्हणाल्या. सचिनहून विहीणबाईंचं, म्हणजे मंगलाबाईंचं, उत्तर आलं, "मुराळी धाडा, मंग पोर धाडसू." प्रमिलाबाई भडकल्या. एका गावातच तर राहतो, अन् म्हणे मुराळी! या दोघींचं लग्नातच वाजलेलं. पंगतीत मंगलाबाई एवढंच म्हणाल्या होत्या की वरण जरा पातळ झालंय. त्यावर प्रमिलाबाईंनी भर मांडवात विचारलं होतं, "घर काय बासुंदी पेतस का तुम्ही?" तेव्हा मुराळीचं हे लचांड विहिणीने मुद्दाम काढलंय, वरणाचा सूड उगवतेय, याबद्दल त्यांना तिळभर शंका नव्हती. त्यांनी मुराळी धाडला नाही आणि रंजना आली नाही. वर्षभर त्या मंगलाबाईंच्या नावाने बोटं मोडत राहिल्या.

पण मंदाचं बोलणं काळजात रुतून बसलं होतं. यंदा रंजनाला आणायची, झोक्यावर बसवायची आणि मंदाच्या दारावरून मिरवायची, हे त्यांनी ठरवूनच टाकलं. दोन बिल्डिंगींच्या मधल्या कडुनिंबाला दोर बांधायला घेतला. बिल्डिंगचं पाहणारा छगनभाई "मासी, झाड तूटी जशे" म्हणत आला आणि आला तसा परत गेला.

योगेंद्रने एक पाळी बुडवली आणि बहिणीला आणायला सचिनला गेला. संध्याकाळी एकटाच परत आला.

"काय म्हनी ती?"

"म्हणे, पोरीला न्यायला पहिल्यांदा बापाने यायचं असतं. धाकट्या भावाबरोबर पाठवत नाही. मम्मी, आता बस कर यार. मला परत सुट्टी मिळणार नाही."

प्रमिलाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. बघा, आधी मुराळी नाही म्हणून अडवलं, आता मुराळी आला तर त्याचं वय काढतेय! त्यांनी मोर्चा लोटूभाऊंकडे वळवला. तुम्ही जा. लोटूभाऊ भिंतीकडे तोंड करून पडले होते. ते तसेच पडून म्हणाले, "मी जाव नही. तू तोंड करी ठेयेल शे तठे, तूच निस्तर."

"जासच मी!" प्रमिलाबाई कडाडल्या. "बाप नही, भाऊ नही, मायच मुराळी जाई यंदा. देखस कशी धाडत नही ती!"

मुराळी बाई कधी नसते. त्यातून मुलीला मूल होईपर्यंत आई तिच्या सासरी पाणीसुद्धा पीत नाही. पण रागाने माणूस आंधळा होतो तसा कधी कधी मोकळाही होतो. सकाळी त्यांनी रवा-गुळाच्या सांजोऱ्या तळल्या, डबा पिशवीत घातला आणि बबलीला "घर राख, रांडे," असं सांगून निघाल्या. सचिनपर्यंतचं सगळं सुरत त्यांनी बसच्या खिडकीतून पाहिलं, पण दिसलं काहीच नाही. त्या तोंडातल्या तोंडात भांडणाची तालीम करत होत्या. ती असं म्हणाली तर आपण असं म्हणायचं, आणि काहीच बोलली नाही तर वरणापासून सुरुवात करायची.

मंगलाबाई ओट्यावर कैऱ्या चिरत होत्या. विहिणीला एकटीला दारात पाहून त्या उठल्या, हात पुसले, पाट दिला, पाण्याचा तांब्या पुढे ठेवला.

"पानी पेवाले नही उनू मी," प्रमिलाबाई म्हणाल्या. "पोर लेवाले उनू. मुराळी पाहिजे व्हता ना तुमले? हाऊ देखा मुराळी! आते काय काढतस? मुराळीले मिशा पाहिजेत म्हनतस का?"

आणि मग त्या थांबल्याच नाहीत. एक वर्ष साठवलेलं सगळं त्या ओट्यावर ओतलं. वरण निघालं, पंगत निघाली. माझ्या पोरीला कोंडून ठेवलंत, तिचा सण खाल्लात, काळजाच्या जागी दगड आहे तुमच्या, असं म्हणून झालं. शेजारच्या दारांतून माणसं बाहेर आली. मंगलाबाई मान खाली घालून कैरीच्या फोडी ताटात सारख्या करत राहिल्या. त्यामुळे प्रमिलाबाईंना आणखीच चेव आला.

"मम्मी, बस."

रंजना दारात उभी होती. जरा भरली होती अंगाने. चेहऱ्यावर तुकतुकी आली होती. आपली पोर चांगली दिसतेय, हे प्रमिलाबाईंच्या लक्षात आलं आणि का कोण जाणे, त्यांना ते आवडलं नाही.

"कपडा भर तुना," त्या म्हणाल्या. "चाल घर."

"मम्मी, यास्ना काही दोष नही." रंजना आईकडे न बघता बोलत होती. "मुराळीनं मीच सांगाले लावं यास्ले. योगेंद्र उना तव्हयबी मीच. माले नही येनं."

प्रमिलाबाईंना वाटलं, पोरीला शिकवून ठेवलंय. त्यांनी विहिणीकडे पाहिलं. मंगलाबाई हळूच म्हणाल्या, "मी दोन्ही साल तिले सांगं, जाय बेटा, माय वाट देखस. ती नही म्हनस. मंग मी तुमले काय सांगू इहीनबाई? तुमनी पोरच येत नही, असं सांगू? म्हनं, दोष ऱ्हाऊ दे मनाच डोकावर."

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हे. वर्षभर ज्या बाईच्या नावाने बोटं मोडली, ती बाई वर्षभर यांचीच लाज झाकत होती. प्रमिलाबाईंच्या तोंडात पुढचं वाक्य तयार होतं, पण ते कुणाला उद्देशून म्हणायचं तेच कळेना.

"काबर?" त्यांनी विचारलं. "काय कमी करं मी तुले?"

"कमी काहीच नही." रंजनाने आता आईकडे पाहिलं. "तठे सकायपासून भांडन, मम्मी. तू अन् पप्पा, तू अन् योगेंद्र, तू अन् मंदामावशी. माले वाटे, सगळास्ना घरमा असंच ऱ्हास. आठे उनू तव्हय समजनं. आठे माले झोप लागस."

"मनी जीभच तशी शे. मनमा काही नही ऱ्हात मना. बबलीले इचार, दिनभर शिव्या देस तिले, पन..."

"बबलीले चालस ते," रंजना म्हणाली. "माले नही चाललं."

शेजारचे लोक आत गेले. कुणी सांगितलं नव्हतं, पण गेले. प्रमिलाबाईंनी तांब्या उचलला आणि मुलीच्या सासरचं पाणी घटाघटा प्यायल्या. सांजोऱ्यांचा डबा मंगलाबाईंच्या हातात दिला. त्यांना विहिणीला काहीतरी म्हणायचं होतं. आयुष्यभर ज्या तोंडाला शब्द कमी पडले नाहीत, त्याला तेवढा एक जमला नाही. रंजना कोपऱ्यापर्यंत पोचवायला आली. बस आली तेव्हा तिने आईचा हात धरला आणि लगेच सोडला.

त्या घरी पोचल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. मंदा दारातच उभी होती. प्रमिलाबाई एकट्याच जिना चढून येताहेत, हे तिने पाहिलं आणि आत गेली. घरात लोटूभाऊ जेवायला बसले होते. बायकोच्या मागे कुणी नाही हे पाहून त्यांनी ताट बाजूला सरकवलं.

"नही धाडी ना?" ते ओरडले. "माले माहीतच व्हतं! ती बाईच तशी शे, खोटी, दगडना काळीजनी. मी जास आते अन् तिले..."

एरवी प्रमिलाबाईंनी त्यात आपलं तेल ओतलं असतं. दोघांचं एकमत व्हायची तेवढी एकच जागा त्या संसारात उरली होती. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या.

"तिले काही बोलू नका," त्या म्हणाल्या. इतक्या हळू, की लोटूभाऊंना पुढे वाकावं लागलं. "ती धाडत व्हती. पोरच नही उनी. मनामुळे येत नही ती."

लोटूभाऊंनी तोंड उघडलं. या घरात प्रमिलाबाई जे म्हणतील ते खोडून काढायचं, ही त्यांची जन्माची सवय होती. प्रमिलाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत वाट पाहत राहिल्या. लोटूभाऊंनी ताट पुन्हा पुढे ओढलं आणि मान खाली घालून जेवायला लागले.