तुणतुण्यावर बसलेला हात

मोट ओढणारे बैल विहिरीजवळच्या धावेच्या उताराला लागले की रामहरी ताणलेल्या सोंदराला बोटाने एक टिचकी मारायचा. सोंदूर म्हणजे मोटेचा खालचा बारीक दोर. भरल्या मोटेच्या वजनाने तो इतका ताठ व्हायचा की टिचकी बसताच आतून काहीतरी घुमल्यासारखे वाटे. दिवसातून शंभर वेळा मोट वर यायची आणि शंभर वेळा ही टिचकी. नव्याने बघणारा हसायचा. द्वारकाबाई, त्याची बायको, लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर हसायची थांबली होती.

कन्हेरी गावाच्या पलीकडे, जिथे कालव्याचे पाणी चढत नव्हते, तिथे त्याची दीड एकराची वांग्या-मिरच्यांची बाग होती. मोट तो हाणायचा, दारे धरून वाफ्यांना पाणी द्वारकाबाई द्यायची. आणि पंधरा वर्षे, बाग सांभाळून, तो वडगाव निंबाळकरच्या सर्जेराव शाहिराच्या मागे उभा राहून झील धरायचा. शाहिराने पोवाड्याची ओळ सोडली की मागच्या तिघांनी ‘जी जी रं जी’ म्हणून ती उचलायची, एवढेच काम. आवाज त्याचा मोठा होता. पण गाताना त्याचे डोळे नेहमी शेजारच्या हिंदुरावांच्या उजव्या हातावर असत. हिंदुराव तुणतुणे वाजवायचे. सगळे त्यांना तात्या म्हणत.

पंचावन्न सालच्या कार्तिकात तात्यांच्या अंगावरून वारे गेले. उजवा हात लोंबू लागला. सर्जेरावाने तुणतुणे उचलून रामहरीच्या हातात दिले.

“वैशाखात नरसिंहपूरची जत्रा हाय. तवर हात बसव. न्हाय बसला, तर माझा मेव्हणा सावळाराम बसलाच हाय वाट बघत. मग तू आपला हाय तितंच बरा.”

“बसवतो, शाहीर,” रामहरी म्हणाला. वयाची पस्तिशी उलटल्यावर एखाद्याला आयुष्यात हवे ते मिळते, तेव्हा तो फार बोलत नाही.

लांबून पाहिले तर तुणतुण्यात शिकण्यासारखे काही दिसत नाही. एक लाकडी पिंप, तळाला कातडे, बाजूला बांबूची काठी, आणि कातड्यातून निघून काठीच्या खुंटीला बांधलेली एकच तार. पिंप डाव्या काखेत धरायचे आणि उजव्या हातातल्या काडीने तार छेडायची. रामहरीने पहिल्या दिवशी छेडली तेव्हा ती पत्र्यासारखी खडखडली. वडगावात तात्यांच्या ओट्यावर तो आठवड्यातून एकदा जाऊन बसू लागला. तात्यांचे तोंड थोडे वाकडे झाले होते, तरी शब्द ठीक उमटत.

“खाजवतुयास काय तिला? उचल आन सोड. चिमणी फांदीवरनं उडती बघ, फांदी तेवढी हालती. तसं.”

“जोर कमी पडतोय, तात्या.”

“जोर वांग्याला घाल. मनगट ढिलं सोड. आन काठी आवळू नगंस, सूर उतरतोय.”

महिन्याभरात तार स्वच्छ बोलू लागली. काडी तारेत किती बुडवायची, नखाएवढी की त्याहून कमी, हे त्याच्या बोटांना कळले. आता राहिली लय. तिच्यासाठी वेगळा वेळ कुठून आणणार? तो तुणतुणे घेऊन मोटेवर बसू लागला. नाड्यावर, म्हणजे मोटेच्या जाड दोरावर बसून, बैलांच्या पावलांबरोबर, चाकाच्या कुरकुरीबरोबर तो काडी मारायचा. बैल शिकलेले होते. उताराला आपोआप जात आणि त्याने तोंडाने आवाज दिला की मागे सरत. पाटाच्या टोकाशी खुरपे घेऊन उभी असलेली द्वारकाबाई ओरडे, “बैलांस्नी नाचाय लावाल एकांदिवशी!”

“नाचू देत की. सुपारी तुझ्या माहेरचीच घिऊ.”

त्या दिवसांत तो सुखात होता, असे द्वारकाबाई पुढे सांगत.

पौषात वडगावच्या चावडीपुढे सगळे तालमीला बसले. सर्जेरावाने डफावर थाप दिली, पोवाड्याचा पहिला चौक, म्हणजे पहिले कडवे, सुरू केला आणि मध्येच थांबवला.

“रामहरी, पळतुयास.”

पुन्हा सुरू केले. पुन्हा थांबवले. “आता मागं ऱ्हातुयास.”

असे चार वेळा झाले. कधी धावतो, कधी रेंगाळतो, का ते कुणाला सांगता येईना. तात्या भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होते. त्यांनी त्याला एकट्याला वाजवायला लावले आणि डाव्या हाताच्या बोटांवर मोजू लागले. मग त्यांच्या वाकड्या तोंडातून हसू फुटले.

“अरं, बारा पावलं म्होरं पळतूस आन बारा पावलं रखडत मागं येतूस. गड्या, तू मोट हाणतुयास!”

चावडी हसून लोळली. तात्यांचे म्हणणे खरे होते. उताराला बैल जडशीळ मोट ओढत शेवटी शेवटी पाय उचलतात, आणि मागे सरताना अडखळत, अंदाज घेत येतात. रामहरीच्या मनगटाने दोन महिने तेच प्यायले होते. सर्जेराव म्हणाला, “पोवाड्यात बैल बांधाय जागा न्हाय, बाबा.” त्या दिवसापासून फडातले लोक त्याला मोटकरी म्हणू लागले. सावळाराम तर त्याला पाहिले की तोंडाने बैल मागे घ्यायचा आवाज काढी.

जाताना रामहरीने तात्यांना विचारले, “आता काय करू?”

“जे कुणासाटी थांबत न्हाय, त्याच्याजवळ जाऊन बस.”

तसे एकच होते. शेजारच्या रावजी बागाईतदाराने त्या वर्षी विहिरीवर ऑइल इंजिन बसवले होते. त्याच्या पुकपुकीने रानातली पाखरे उठतात म्हणून रामहरीने त्याला दहादा शिव्या दिल्या होत्या. आता तोच दुपारचा रावजीच्या बांधावर जाऊन उभा राहिला.

रावजी पोट धरून हसला. “इंजिनाला गुरू केलंस व्हय? मग गुरूची शेवा कर. टाकीतलं पाणी बदलत जा, पट्ट्यावर नदर ठेव. माझा गडी तेवढाच मोकळा हुईल.”

माघापासून चैत्रापर्यंत, रोज दुपारी चार तास, रामहरी त्या इंजिनाच्या खोलीपाशी तुणतुणे घेऊन बसला. तेलाच्या वासात, धुरात. इंजिन त्याच्यासाठी थांबत नव्हते. काडी चुकली की चुकलीच. पहिले काही दिवस त्याला रडू येई. मग एका दुपारी त्याला जाणवले की आपण मोजायचे थांबलो आहोत. ठोका आणि तार एकाच जागी पडत होती आणि मध्ये त्याला स्वतःला काही करावे लागत नव्हते.

ते चार तास मोट द्वारकाबाई हाणत होती. गावात बाई मोटेवर बसत नाही. लोक बांधावरून बघत. नाड्याने तिच्या तळहातांची सालटी निघाली होती. दारे धरायला कुणी नसल्याने निम्मे वाफे कोरडे राहत. एकदा भाकरी थापता थापता ती म्हणाली, “सवत आनली असती तर परवडली असती. निदान एका वाफ्याचं तरी दारं तिनं धरलं असतं.”

“वैशाखापत्तुर,” तो म्हणाला.

“आन म्होरं?”

तिच्या हाताकडे पाहून तो उठला आणि चुलीतली राख सारू लागला, जे त्याने कधी केले नव्हते.

जत्रेच्या आठ दिवस आधी शेवटची तालीम झाली. रामहरीने खुंटी पिळली, तार लावली. सर्जेरावाने डफ उचलला. पहिला चौक झाला, दुसरा झाला. तुणतुणे पायाच्या दगडासारखे बसले होते. झीलकरी एकमेकांकडे पाहू लागले. पण तिसऱ्या चौकात काहीतरी बिघडले. ओळीच्या शेवटी डफ एकीकडे आणि तार एकीकडे पडली. पुढच्या ओळीला पुन्हा तसेच झाले.

सर्जेराव थांबला. “रामहरी, मागं ऱ्हायलास.”

आणि भिंतीपाशी बसलेले तात्या, डोळे न उघडता, म्हणाले, “तो हाय तितंच हाय. तू पळतुयास, सर्जेराव. तुझा दम पुरत न्हाय, शेवटाला गिळतुयास. वीस वरसं मी धावून झाकलं.”

तात्यांच्या आवाजात राग नव्हता. वाजवणारा हात गेल्यावर मुठीत धरून ठेवण्यासारखे त्यांच्याकडे काही उरले नसावे.

सर्जेराव बराच वेळ डफाची किनार पुसत राहिला. मग साध्या आवाजात म्हणाला, “रामहरी, माझ्यासंगं ये. मी जाईन तसं.”

रामहरीने प्रयत्न केला, मनापासून केला. ओळीचा शेवट जवळ आला की तो मनगटाला सांगे, आता धाव. मनगट ऐकत नव्हते. ते रावजीच्या विहिरीवर बसले होते. तीनदा वाजवले, तीनदा डफ पुढे निघून गेला आणि सगळ्यांना तो जाताना ऐकू आला.

तात्यांना घरी सोडताना त्याने विचारले, “ही धावायची गोष्ट मला का न्हाय शिकवलीसा?”

“ती वाजवायची गोष्ट न्हाय, लेकरा. ती पोटाची.”

नरसिंहपुरात, भीमा-नीरेच्या वाळवंटावर, बैलगाड्या सुटल्या होत्या. रामहरीने नवे धोतर नेसले होते. द्वारकाबाईही आली होती. अंगावरचे सणाचे लुगडे सावरत ती बायकांच्या पहिल्या रांगेत, दिसेल अशी बसली. देवळाच्या ओवरीत सावळाराम तुणतुण्याची खुंटी पिळत होता.

सर्जेरावाने रामहरीच्या खांद्यावर हात ठेवला. “तू झीलच धर. तुझ्यावानी आवाज कुणाचा न्हाय, गड्या.”

“मोटकरी, हो मागं!” सावळाराम म्हणाला आणि तोंडाने तो आवाज काढला.

रामहरी मागे उभा राहिला. सावळारामची काडी तार खाजवत होती, पण शाहीर धावला की तीही धावे आणि शाहीर थांबला की थांबे. लोक खूश होते. टोप्या उडाल्या. रामहरीने सगळा पोवाडा झील धरली, एकही ‘जी’ चुकवला नाही. त्याचे हात दोन्ही बाजूंना लोंबत होते. द्वारकाबाईंना शेवटपर्यंत आठवत होते ते तेच. हात कुठे ठेवावेत हे त्याला सुचत नव्हते.

त्या दिवसानंतर तो फडात गेला नाही. निरोप आले, तो “बघू” म्हणायचा. मोट हाणायचा. रावजीच्या विहिरीकडे पाठ करून बसायचा.

अठ्ठावन्न सालच्या भाद्रपदात त्याला ताप भरला. त्याच सुमाराला सावळाराम एका तमाशाच्या फडाबरोबर निघून गेला होता. पाचव्या दिवशी सर्जेराव आला. उंबऱ्याशी वाकून आत आला, काखेत फडक्यात गुंडाळलेले तुणतुणे. तो थकला होता, केस पांढरे झाले होते. उशाशी बसून म्हणाला, “रामहरी, बरा झालास की ये. तुझ्याबिगार माझं कोण हाय? तू म्हनशील त्या लयीत मी गातो. आता मला पळवत बी न्हाय.”

त्याने फडके सोडून तुणतुणे अंथरुणावर ठेवले. रामहरीने ते पाहिले. त्याचा हात पांघरुणाखालून बाहेर आला नाही. द्वारकाबाई दाराशी उभी होती आणि तिला वाटले, आता हा काहीतरी बोलेल, तीन वर्षांचे सगळे बोलेल. त्या संध्याकाळी त्याची शुद्ध गेली ती परत आली नाही. त्याआधी तिच्याकडे मान वळवून तो एवढेच म्हणाला,

“अगं, शाहिरास्नी च्या ठेव. गूळ वरच्या डब्यात हाय.”