शेंडेबाबूंचा फोन जानेवारीत यायचा

मी शाळेच्या छपराचे पैसे वाचवले, आणि ते सरकारकडे परत गेले.

सावनेरजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी नवा मुख्याध्यापक होतो आणि काटकसर हा आमच्या घराण्याचा एकुलता एक दागिना. दुरुस्तीचं अनुदान आलं तेव्हा म्हटलं, यंदाचं आणि पुढच्या वर्षीचं मिळून एकदाच झकास छप्पर घालू. एप्रिलमध्ये पासबुक घेऊन, छाती काढून पंचायत समितीत गेलो. शिक्षण विभागाचे हिशेब तिथे शेंडेबाबू पाहायचे. वाटलं, शाबासकी देतील, निदान चहा तरी पाजतील. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"एकतीस मार्चले काय करून राहिले होते गुरुजी?"

"पैसे जपून ठेवले."

"कोणासाठी गा? हे काय लग्नातलं लुगडं आहे, पेटीत घालून ठेवाले? पैसा उरला का सरकार म्हणते, याले गरजच नव्हती."

रक्कम परत भरण्याचं पत्र त्यांनीच टाइप केलं, सही मी ठोकली. त्या पावसाळ्यात चौथीची पोरं बसकरपट्ट्या सरकवत सरकवत शेवटी तिसरीच्या वर्गात जाऊन बसली. त्यांच्याकडे बघायची मला लाज वाटे.

मग एका रविवारी शेंडेबाबू आपली खडखडी स्कूटर घेऊन शाळेत हजर. मला शिडीवर चढवलं, स्वतः खाली पेन्सिल घेऊन बसले. मी छपरावरची फुटकी कवेलू मोजायची, त्यांनी लिहायची. दोनदा मी आकडा विसरलो, दोनदा पुन्हा पहिल्या कवेलूपासून... "पैसा येण्याच्या आधी कागद तयार पाहिजे," ते खालून ओरडत होते. अंदाजपत्रक, शाळा समितीचा ठराव, दुकानदारांचे दर, सगळं त्यांनी माझ्याकडून दिवाळीतच करून घेतलं. पैसे आले फेब्रुवारी संपता संपता, आणि मार्चमध्ये चौथीचा वर्ग झाकला गेला. शेंडेबाबू आले, मान वर करून बराच वेळ छप्पर पाहत राहिले. म्हणाले, "आता पाजा चहा."

तेव्हापासून दर जानेवारीत त्यांचा फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "काय उरलं?" निवृत्त झाले, तरी फोन चुकला नाही.

यंदा आला नाही. चौकशी केली तर धंतोलीतल्या एका दवाखान्यात भरती होते. म्हटलं, घाईघाईत तोंड दाखवून येण्यात काय अर्थ? एखाद्या रविवारी निवांत जाऊ, संत्री नेऊ, दिवसभर बसू. पहिला रविवार परीक्षेच्या कामात गेला, दुसरा पाहुण्यांत, तिसरा... तिसरा असाच गेला. त्यानंतर मंगळवारी त्यांच्या नंबरवरून फोन आला. मी उचलता उचलताच ओरडलो, "काही उरलं नाही बाबू, सगळं खर्च केलं!"

पलीकडे वहिनी होत्या, शेंडेबाबूंच्या पत्नी. "हे गेले गुरुजी, आज पहाटे."

महिन्याभराने त्यांच्या घरी गेलो. शेंडेबाबूंच्या खुर्चीवर कोणी बसत नाही, मीही बसलो नाही. वहिनींनी त्यांची वही पुढे केली. दवाखान्यातही उशाशी होती म्हणे. पेन्सिलीने लिहिलेली शाळांची नावं, ज्यांना फोन झाला त्यांच्यापुढे बरोबरची खूण. माझ्या शाळेपुढची जागा कोरी होती.

"तुमचं नाव निघालं का म्हणत, गुरुजी स्वतःच येतीन."

"येणारच होतो वहिनी. जरा निवांत वेळ काढून..."

"वेळ जपून ठेवला होता काय?" वहिनींनी वही मिटली. "इतके वर्षं शिकवलं त्यायनं, तुम्ही ढ ते ढच राहिले गुरुजी."