पिसांचे डायनासोर ह्यांचे नव्हते

मुलगी नोकरीला पुण्याला गेली आणि तिचा कॉम्प्युटर आमच्या हॉलच्या कोपऱ्यात राहिला. विकून टाकायचा असं ठरलं होतं. विकण्याआधी आत काय काय आहे ते बघून ठेवावं म्हणून मी तो एका रविवारी उघडला आणि त्यातल्या एका खेळात अडकले.

खेळ पार्क बांधायचा. मोकळी जमीन मिळते. तिच्यावर कुंपणं घालायची, पाण्याची सोय करायची, बघायला येणाऱ्यांसाठी रस्ते आणि बाकं टाकायची. फरक एवढाच की कुंपणात वाघ-हरणं नसतात, डायनासोर असतात. मी कॉलेजच्या ऑफिसात काम करते. दिवसभर दुसऱ्यांनी घातलेले घोळ निस्तरते. इथे घोळ होण्याआधीच टाळता येत होता, याचं मला फार सुख वाटायचं. कोणत्या कुंपणात कोण, कोणाचं कोणाशी पटत नाही, कुठलं फाटक आधी दुरुस्त करायचं, हे सगळं मी ऑफिसच्या कामासारखंच लिहून ठेवत असे.

हे माहीत होतं दोघांनाच. मुलीला, कारण अडलं की मी तिला फोन करायचे. आणि ह्यांना, कारण हे घरीच असायचे.

हे एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढून कापसाच्या गाठी बांधायच्या कारखान्यात, व्यवस्थापक होते. मालकाने जिनिंग विकलं, नव्या मालकाने स्वतःची माणसं आणली आणि हे घरी बसले. एक हंगाम तसाच गेला. भाजी आणणं, कुकर लावणं, कपडे वाळत घालणं ही कामं त्यांनी न सांगता आपल्याकडे घेतली. कोणी विचारलं की मी म्हणायचे, एका ठिकाणी बोलणं चालू आहे. बऱ्याचदा तसं काही चालू नसायचं.

त्या वर्षी भाद्रपदात खेळाचा नवा भाग आला. मुलीने तो लांबूनच माझ्यासाठी घेऊन दिला. त्यात पिसांचे डायनासोर होते. आधीचे सगळे सरड्यासारखे, नुसत्या चामड्याचे. हे नवे मात्र अंगभर पिसांचे, आणि पिसांचा रंग आपण निवडायचा. ते चोचीने पिसं साफ करायचे, धुळीत लोळायचे, घरट्यावर बसून अंडी उबवायचे. पाणवठा आता हाताने हवा तसा आखता येत होता आणि कुंपणाला दुहेरी फाटक बसवता येत होतं. दुहेरी फाटकाची उणीव मला पहिल्यापासून जाणवत होती. ऑफिसातून आले की मी हात-पाय धुऊन थेट कॉम्प्युटरपुढे बसायचे. चहा हे आणून द्यायचे.

आमच्या कॉलनीतल्या बायका भाद्रपद पौर्णिमेपासून भुलाबाईची मूर्ती बसवतात. रोज संध्याकाळी एकीच्या घरी गाणी, नंतर खिरापत. डब्यात काय आहे ते बाकीच्यांनी डबा हलवून, वास घेऊन ओळखायचं. आमची पाळी आली त्या दिवशी मी सगळी तयारी वेळेत केली होती. फक्त कॉम्प्युटर बंद करायचा राहिला. एका जोडीने अंडी घातली होती, ती उबून पिल्लं बाहेर येतात का ते मला बघायचं होतं. नुसता कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला होता आणि मी त्यावर विसंबले.

गाणी झाली. समोरच्या घरातल्या वहिनी खिरापतीचा डबा ठेवायला टेबलाकडे गेल्या आणि त्यांच्या कोपराचा धक्का माउसला लागला. पडदा उजळला. विटकरी पिसांचा, दोन पायांचा, चांगला बैलाएवढा एक प्राणी धुळीत लोळत होता.

"बाप्पा, हे काय कोंबडी हाय का?" वहिनी म्हणाल्या.

सगळ्या जमा झाल्या. माझ्या टेबलावर माझ्या अक्षरातला कागद होता, माझा चष्मा होता. कॉलनीत मला शिस्तीची बाई म्हणतात. पाण्याच्या टाकीचं वेळापत्रक मी लावते, गणपतीच्या जेवणाचं सामान मी काढते. मी म्हणाले, "ह्यांचं आहे ते."

हे स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. हातात पाण्याच्या पेल्यांचा ट्रे होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बायकांकडे.

"हो," ते म्हणाले, "बसल्या बसल्या टाइमपास होते."

एकीने विचारलं, भाऊजी, अंडी कधी फुटणार. दुसरी म्हणाली की पिल्लांच्या बारशाला बोलवा. हेही हसले. पाणी देऊन झाल्यावर आत गेले आणि खिरापत वाटून होईपर्यंत बाहेर आले नाहीत.

त्या संध्याकाळी मी त्यांना काहीतरी बोलायला हवं होतं. मी पेले धुतले, सतरंज्या घड्या करून ठेवल्या, उरलेला शिरा डब्यात भरला. त्यांनी विषय काढला नाही, म्हणून मीही काढला नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र मी खिडकीचा पडदा ओढून खेळू लागले.

गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. चौकातल्या टपरीवर लोक ह्यांना विचारू लागले, काय म्हणतात कोंबड्या. हे मला सांगायचे नाहीत. भाजीवाल्याकडे एकदा मी बरोबर होते तेव्हा मी स्वतः ऐकलं. हे म्हणाले, बऱ्या आहेत. आणि कोथिंबीर निवडत राहिले.

दसऱ्याच्या आधी समोरच्या वहिनी घरी आल्या. एरवी त्या दारातूनच बोलतात, त्या दिवशी आत येऊन बसल्या. त्यांच्या मोठ्या भावाचं मुकुटबनकडे जिनिंग आहे. त्या ह्यांच्यासाठी भावाकडे शब्द टाकणार होत्या, हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी शब्द टाकलाही होता, भावाला माणूस हवाच होता. पण बोलता बोलता त्यांनी हसत हसत डायनासोरचं सांगितलं आणि भावाने ते मनावर घेतलं. दिवसभर गेम खेळणारा माणूस हंगामात कापसाच्या गाड्यांवर काय नजर ठेवणार, असं तो म्हणाला होता. वहिनींना फार वाईट वाटत होतं. चूक त्यांची, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

मी म्हणाले, "वहिनी, तो गेम मी खेळते. हे नाही खेळत."

त्यांनी माझा हात हातात घेतला.

"राहू द्या वहिनी," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यांच्यावर आलं असतं तं मी बी असंच बोलली असती."

मी परत सांगितलं. टेबलावरचा कागद दाखवला. त्यांनी तो बघितलाही नाही. नवऱ्याला वाचवणारी बाई म्हणून त्या माझ्याकडे इतक्या मायेने बघत होत्या की मला ते सहन होईना. खोटं मी दोन शब्दांत बोलले होते आणि ते सगळ्यांनी लगेच मानलं होतं. खरं आता कितीही बोलले तरी मानायला कोणी तयार नव्हतं.

मी त्यांना विचारलं, भाऊ दसऱ्याला येणार आहेत का. दरवर्षी येतात, त्या म्हणाल्या. मग सोनं द्यायला आमच्याकडे घेऊन या, एवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.

हे सगळं ह्यांना मी दसऱ्याच्या सकाळी सांगितलं. कायले उगाच, ते म्हणाले. पण पांढरा शर्ट इस्त्री करून घातला.

संध्याकाळी वहिनींबरोबर भाऊ आले. साठीच्या घरातले, अंगाने भक्कम, आवाज खालचा. आपट्याची पानं दिली-घेतली, नमस्कार झाले, फराळ झाला. मी कॉम्प्युटर सुरू केला आणि त्यांच्याकडे पाठ करून खुर्चीवर बसले. बोलण्यापेक्षा ते सोपं होतं.

मी त्यांना पार्क दाखवला. हे कुंपण, हे दुहेरी फाटक. आतलं उघडं असेल तर बाहेरचं उघडत नाही. हे पिसांचे, ह्यांना धूळ लागते, धूळ नसली तर पिसं खराब होतात आणि ते चिडतात. मांस खाणाऱ्यांना ह्यांच्यापासून लांब ठेवलं आहे, मधे तळं. मी बोलत होते आणि हात चालत होते. एका ठिकाणी नवं घरटं ठेवून दाखवलं. ऑफिसात नव्या माणसाला काम समजावून सांगावं तसं माझं चाललं होतं. माझे कान तापले होते. एकोणपन्नासाव्या वर्षी, नव्या साडीत, परक्या माणसापुढे मी डायनासोरला पाणी पाजत होते.

"सारं तुम्हीच करता?" भाऊंनी विचारलं.

"हो."

"मंग हे काय करते?"

वहिनी मागून म्हणाल्या, "भाऊजी चहा देते." कोणी हसलं नाही.

मग भाऊ ह्यांच्याकडे वळले. "तुम्ही तव्हाच काहून नाई बोलले, का गेम माहा नाई म्हून?"

"घरी पाहुण्या होत्या," हे म्हणाले.

ते दोघं ओसरीत जाऊन बसले. कापूस ओला आला तर काय करता, आग लागू नये म्हणून काय बघता, गाठींचा माल कुठे ठेवायचात, असं बोलणं मला आत ऐकू येत होतं. ह्यांचा आवाज इतका मोकळा मी वर्षभरात ऐकला नव्हता. जाताना भाऊ म्हणाले, दिवाळी झाली की या, हंगामापुरतं पाहू. त्याच्या पुढचं काही बोलले नाहीत.

दिवाळी झाली. हंगामभर मुकुटबनलाच राहायचं होतं. मी सामानाची यादी केली, हे माझ्या मागोमाग एकेक वस्तू पिशवीत भरत होते. स्वेटर भरताना ते थांबले.

"एक विचारू का?" ते म्हणाले. "तुले लाज गेमची वाटली होती का माही?"

मी स्वेटरची घडी परत घातली. बस चुकेल, मी म्हणाले.

स्टँडवर बस लागलेली होती. हे खिडकीशी बसले, मी खाली उभी राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, पण ते माझ्याकडे बघत होते आणि कशासाठी बघत होते ते मला कळत होतं. गेमची, एवढा एक शब्द पुरला असता. त्या संध्याकाळी बायका जमल्या तेव्हा दुसऱ्या कोणाचंही नाव माझ्या तोंडात आलं असतं. मुलीचा कॉम्प्युटर होता, मुलीचा आहे म्हणाले असते तर खोटंही ठरलं नसतं. पण माझ्या तोंडात हेच आले. हे तसेही बसलेलेच आहेत, ह्यांच्यावर आणखी एक टाकलं तर काय बिघडतं, असा तो हिशेब होता. करायला मला क्षणसुद्धा लागला नव्हता.

कंडक्टर चढला. मी ह्यांना विचारलं, बीपीच्या गोळ्या घेतल्या का.

"घेतल्या," ते म्हणाले आणि खिडकीची काच ओढून घेतली.