आवडते की आवडायची

आई मटार सोलायला बसते तेव्हा मोबाईल डब्याला टेकवून ठेवते. स्क्रीनवर चार-पाच चेहरे असतात. त्या प्रत्येकाच्या घरातल्या कुणीतरी आत्महत्या केली आहे, आमच्या समीरदादानं केली तशी. आम्ही पाहुण्यांना 'अटॅक आला' असं सांगतो. तिथं मात्र आई खरा शब्द सहज बोलते, शेंग सोलता सोलता.

मला त्या चेहऱ्यांचा हेवा वाटतो. माझ्यासमोर तिला रडू येत नाही, त्यांच्यासमोर येतं.

परवा ती त्यांना म्हणाली, "माझ्या समीरला मटारची उसळ फार आवडते." मी स्वयंपाकघरातून 'आवडायची, आई' म्हणणारच होते. वर्षभर मी तेच करत आले आहे. मला वाटायचं, त्यानं ती सावरेल.

पण स्क्रीनवरच्या सांगलीच्या काकूंनी तिला दुरुस्त केलं नाही. त्यांनी विचारलं, "अजून काय काय आवडतं हो त्याला?"

आई खुलली, बोलतच राहिली. इतकं साधं मला का सुचलं नाही, म्हणून मी दाराशी उभी राहून जळत होते. शेवटी राहवलं नाही.

"आई, भाताची खरवड सांगायची राहिली," मी म्हटलं. "त्याला खरवड आवडते."